जान्हवीचा महिना, म्हशीची तारीख

मोडनिंबमधल्या एका स्वयंपाकघरात 2015 सालचं कालनिर्णय लटकत होतं. त्यावर दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख आणि म्हैस गाभण गेल्याचा दिवस अशा नोंदी होत्या. त्याच शाईत, म्हशीच्या बरोबर खाली, लिहिलं होतं : जान्हवी.

जान्हवी या घरातली सून नव्हे. ती झी मराठीच्या ‘होणार सून मी ह्या घरची’मधली, गोखल्यांची सून. मालिका जुलै 2013 मध्ये सुरू झाली, जानेवारी 2016 मध्ये संपली आणि त्यातला भलामोठा काळ जान्हवी दिवस मोजत राहिली. उभा महाराष्ट्र व्हॉट्सॲपवर तिच्या लांबलेल्या बाळंतपणाचे विनोद इकडून तिकडे ढकलत होता. या घरातल्या सासूबाईंना, आक्कांना, मात्र त्यात विनोद दिसेना. म्हैस दहा महिने दहा दिवसांनी व्याली, पारडी झाली, खरवस आळीभर वाटून झाला, तरी जान्हवी आपली पोटावर हात ठेवून खिडकीत उभीच.

“सहा सासवा हायत्या घरात,” आक्का तूर निवडता निवडता म्हणाल्या, “एकीला तर वाटावं की पोरीला दवाखान्यात न्यावं!”

हत्तिणीला बावीस महिने लागतात, असं नातवानं शाळेतल्या पुस्तकातून वाचून दाखवलं, तेव्हा त्या जरा शांत झाल्या.

मोडनिंब म्हणजे माढा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचं गाव. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी रेल्वे इथूनच जाते. येणारीजाणारी माणसं आणि त्यांच्या भानगडी गावाला नव्या नाहीत. त्यामुळे टीव्हीतली माणसंही आक्कांनी पाहुणे म्हणूनच घरात घेतली. फरक एवढाच, की या पाहुण्यांना तोंडावर बोलता येतं आणि ते उलट उत्तर देत नाहीत.

सवय जुनी. 25 जानेवारी 1987 ला दूरदर्शनवर रामानंद सागरांचं ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा आक्का नवी सून होत्या. टीव्ही गल्लीत एकाच घरी. रविवारी सकाळी अंघोळी उरकून माणसं जमायची, बाहेर चपलांचा ढीग पडायचा, टीव्हीच्या खोक्याला हार घातलेला असायचा. मारीच सोन्याचं हरीण होऊन आला की आक्का पदराआडून पुटपुटायच्या, “नगं गं बाई, मागू नगंस.” सीतेनं ऐकलं नाही. पडद्यावरच्या बायका सांगून ऐकत नाहीत, हे त्यांना तेव्हापासून ठाऊक आहे. सांगायचं मात्र त्यांनी सोडलेलं नाही.

पुढे ई टीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ आलं. 2001 ते 2013. नावात चार दिवस, प्रत्यक्षात तीन हजारांवर भाग. मधली बरीच वर्षं गावोगावी भारनियमनाचीही होती. ऐन मोक्याला लाईट जायची, मग कुर्डुवाडीच्या नणंदेला फोन. नणंद कथा सांगायची आणि आक्का, ज्यांनी भाग पाहिलाच नव्हता, तिला मध्येच दुरुस्त करायच्या. एकदा पंढरपूरच्या वारीपायी आठ दिवस बुडाले. परत येऊन टीव्ही लावला तर जिना उतरणारी बाई अजून उतरतच होती.

त्यांचा खरा जीव जडला तो ‘माझ्या नवऱ्याची बायको’वर. 2016 पासून 2021 पर्यंत त्यातल्या नवऱ्याला, गुरुनाथला, रोज रात्री भाकरीच्या पिठाचा हात दाखवून शिव्या पडत होत्या. अनिता दातेची राधिका नागपूरची, तिची बोली वेगळी. पण नवऱ्याचं लफडं कळायला बोली लागत नाही. गुरुनाथच्या लफड्याचं, म्हणजे शनायाचं, काम आधी रसिका सुनील करायची, मग ईशा केसकर आली, पुढे पुन्हा रसिका. आक्कांनी दोघींना शिव्या सारख्याच वाटल्या. “तोंड बदललं तरी खोड न्हाई बदलली,” हा त्यांचा निकाल.

‘तुझ्यात जीव रंगला’बद्दल त्यांची तक्रार शेतीची. चित्रीकरण कोल्हापूरजवळच्या वसगड्यात, राणादा पैलवान शेतकरी, सगळं आपल्यासारखं. पण चार वर्षांत राणादानं ज्वारी कधी काढली? खुरपणीला बायका कुठल्या आणल्या? घरातली जाऊबाई दिवसभर कारस्थानं करते, मग धारा कोण काढतं? हे प्रश्न, खरं सांगायचं तर, कुठल्याही समीक्षकाला सुचायला हवे होते.

मग 2 डिसेंबर 2022 ला हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर, म्हणजे राणादा आणि पाठकबाई, यांचं खरोखरचं लग्न झालं. नातवानं मोबाईलवर फोटो दाखवले.

“ह्यांचं मागंच झालंय की,” आक्का म्हणाल्या. “मी होते.”

मरणाच्या बाबतीत मात्र त्या फार सावध झाल्यात. ‘रात्रीस खेळ चाले’ 2016 मध्ये अण्णा नाईकांच्या मरणानं सुरू झालं. आक्कांनी रीतीप्रमाणे हळहळ केली. 2019 मध्ये दुसरं पर्व आलं तर अण्णा मिशीला पीळ देत, शेवंताच्या मागं, ठणठणीत! गोष्ट मागच्या काळातली आहे, असं सुनेनं समजावलं. ते त्यांना पटलं, पण फुकट गेलेली हळहळ त्या विसरल्या नाहीत.

म्हणून एप्रिल 2025 मध्ये घरात गोंधळ उडाला तेव्हा त्या एकट्याच जागच्या हलल्या नाहीत. ‘सीआयडी’मधले एसीपी प्रद्युम्न, म्हणजे 1998 पासून बोटं फिरवत ‘कुछ तो गडबड है’ म्हणणारे शिवाजी साटम, स्फोटात गेले. वाहिनीनं त्यांचा फोटो टाकून चक्क श्रद्धांजली वाहिली. आजोबांनी चहा खाली ठेवला. नातू मोबाईल घेऊन आतबाहेर करू लागला.

“मढं दावलं का?” आक्कांनी विचारलं.

“नाही. नुसता स्फोट.”

“मग तांदूळ निवडायला बस.”

काही आठवड्यांनी एसीपी परत आले. नातू ओरडत आत आला, तेव्हा आक्का गोठ्यात निघाल्या होत्या. म्हशीची तारीख जवळ आली होती.