अफवेवरचा सरकारी उतारा

मराठा आणि ओबीसी आरक्षणाच्या परस्परविरोधी मागण्यांसाठी २०२३-२४ मध्ये अंतरवाली सराटी आणि लगतच्या वडीगोद्रीत उपोषणे झाली. त्या काळात, २६ फेब्रुवारी २०२४ रोजी, शासनाने जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत अफवा रोखण्यासाठी इंटरनेटच बंद केले. कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे असंख्य नमुन्यांवरून बनावट चित्रफीत ओळखायला शिकलेली संगणकप्रणाली, सत्याचे रक्षण करील असे परिसंवादांतून सांगितले जात असताना प्रशासनाने निवडलेला उपाय अधिक निःपक्षपाती ठरला, कारण तो खऱ्याखोट्यात भेदच करत नाही: अफवेसोबत तिचा खुलासाही अडतो आणि पारावरची कुजबुज तेवढी मोकळी राहते. यंत्राला बुद्धी देण्यापूर्वी यंत्रणेला वेळेवर खुलासा करण्याची सवय लावणे स्वस्त पडेल.