आपत्ती व्यवस्थापन प्रमुख (कुटुंब शाखा)

कुटुंबाचा आपत्ती व्यवस्थापन प्रमुख म्हणून माझी निवड एकमताने झाली. ते मत माझंच होतं. बाकीचे जेवत होते.

प्रमुखाला बॅग लागते. तीन दिवसांचं पाणी, सुका खाऊ, औषधं, सातबारा-आधारच्या झेरॉक्स, शिट्टी, बॅटरी. बॅगेवर मी लाल रंगात 112, 108 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हे नंबर काढले. ते इतके देखणे उतरले की पाहुण्याला मी आधी बॅग दाखवायचो, पाण्याचा तांब्या नंतर.

मग बैठक घेतली. किल्लारीपासून सुरुवात केली. 30 सप्टेंबर 1993, पहाटेची वेळ, माणसं गाढ झोपेत, वर दगडमातीची घरं. "तर धरणी हलली की सगळ्यांनी खळ्यात जमायचं."

"आन् गाया?" आई म्हणाली. "त्या काय दावणीलाच ठिवायच्या व्हय?"

मी वाचलेल्या एकाही पुस्तिकेत गाया नव्हत्या. "ते परिशिष्टात येईल," मी म्हणालो. अण्णांनी तर कान आधीच काढून घेतले होते. 20 जुलै 2023 ला सरकारने चाचणी म्हणून इशारा पाठवला आणि देशभर फोन किंचाळले, तेव्हा त्यांनी आपला फोन गोठ्यात नेऊन बादलीखाली झाकला होता. त्यांच्या मते आपत्ती तीच, आणि तिचं व्यवस्थापनही झालेलं.

पण खरं बोलायचं ते बॅटरीबद्दल. माझ्या लहानपणी घरात तीन सेलची पत्र्याची बॅटरी होती. सेल मेले की अण्णा त्यांना उन्हात वाळत घालत, आणि संध्याकाळी त्यांच्यात थोडा जीव आलेलाही असे. उजेड लालसर, पेंगुळलेला, पण तिचा दांडा कुत्र्यावर उगारायलाही चालायचा. मग चार्जिंगच्या आल्या, त्यांना रेडिओ होता, पंखाही होता. उजेड मात्र आठवण करून दिल्यावर पडायचा. आता कपाळाला बांधायची निघाली आहे. ती लावून माणूस आपल्याकडे बघून बोलू लागला की आपण डोळे मिटून ऐकतो. बॅगेसाठी मी घेतली ती पांढऱ्या झोताची, उसाच्या पार पलीकडच्या बांधापर्यंत जाणारी. आणि ती बॅगेत कधीच नसते. धाकटा भाऊ घेऊन जातो.

कारण पंपाची थ्री फेज लाइट पाळीने येते आणि पाळी रात्रीची असली की दारं रात्रीच धरावी लागतात. आमचं भांडगावच काय, अख्ख्या दौंड-शिरूरमध्ये हेच. उसात बिबट्या जन्मतो, वाढतो. 2025 च्या नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेडला बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होत्या. पुस्तिका म्हणते, आपत्ती सांगून येत नाही. आमची वेळापत्रक लावून येते. भाऊ रानात असला की आई अंथरुणावर पडते, पण झोपत नाही. फाटकाची कडी वाजली की कूस बदलते. हे मला माहीत होतं, आणि मी झेरॉक्स लॅमिनेट करत बसलो होतो.

तेव्हा एका रात्री मी त्याच्याबरोबर निघालो. बॅटरी त्याच्याकडे, शिट्टी माझ्या गळ्यात. लांब पुणे-सोलापूर रस्त्यावर ट्रकांचे दिवे, इकडे काळामिट्ट ऊस. पाचट सळसळलं. मी शिट्टी फुंकली. पुस्तिकेत तीन वेळा लिहिलंय. मी श्वास संपेपर्यंत फुंकली.

उसातून मुंगूस निघालं. पण शेजारच्या वस्त्यांवरचे दिवे लागले, कुत्री उठली, आणि दादा, आबा, तात्या असे सगळे काठ्या, कोयते घेऊन बांधावर हजर. एकाच्या हातात पत्र्याचा डबा होता, तो वाजवतच आला. बिबट्या नाही म्हटल्यावर सगळे जरा हिरमुसलेच.

"ही रंगीत तालीम होती," मी म्हणालो. "प्रतिसाद उत्तम."

एवढी माणसं चहाशिवाय कशी पाठवायची? आईने चूल पेटवली. साखर बॅगेतली गेली, बिस्किटंही. बशीत चहा ओतत तात्या म्हणाले, "पुढची तालीम दिवसा घ्या की, मास्तर."

"घेऊ," भाऊ म्हणाला. "दिवसाची लाइट येऊ द्या."