पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यास अनावृत पत्र

चि. पुडा यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा चहाबरोबर तुला फोडलं आणि चहा संपायच्या आत तू संपलास. पूर्वी उलटं व्हायचं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच तुला पालथा घालून, चष्मा लावून तुझं वजन वाचलं. बाळा, किती रोडावलास! कपडे मात्र जुन्याच मापाचे घालतोस, त्यामुळे दुरून कळत नाही.

तुझ्यावर राग नाही. गहू, साखर, पामतेल महागलं की कुणाच्या तरी पोटाला चिमटा बसणारच. मालकांनी तो तुझ्या पोटाला काढला. 60 ग्रॅमचा पुडा 55 चा केला की किंमत पाचच राहते आणि भाव मात्र 9 टक्क्यांनी चढतो. तेच उघडपणे करायचं तर वर 5 रुपये 45 पैसे छापावे लागले असते, आणि मग आमचा संताप तू पाहायला हवा होतास! कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी दहा मिनिटं हुज्जत घालणारी माणसं आम्ही. तुझ्या पाठीवर वजन असतं, हल्ली एका ग्रॅमचा भावही छापावा लागतो. तो वाचायला मात्र आम्हाला सवड नाही, हे मालकांना पक्कं ठाऊक आहे.

22 सप्टेंबर 2025 ला तर गंमतच झाली. तुझ्यावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आणि हिशेबाने तू 4 रुपये 45 पैशांचा झालास. आता हे पैसे द्यायचे कसे? चार आणे 2011 सालीच चलनातून गेले. आठ आणे कायद्याने चालतात, पण आमचा वाणी ते हातात घेत नाही. त्याने पाचाचं नाणं गल्ल्यात टाकलं आणि 55 पैशांच्या बदल्यात बरणीतली गोळी पुढे केली. एक रुपयाची ती गोळी नव्या कराने 89 पैशांची, म्हणजे 34 पैशांनी मीच वर! सरकारी सवलत अशी थेट जिभेवर आलेली मी प्रथमच अनुभवली.

पुढे अनेक कंपन्यांनी किंमत पुन्हा पाचावर आणून वजन वाढवलं म्हणे. तू आधी 55 ग्रॅमचा असशील, तर आता 62 च्या आसपास भरायला हवास. ताडून पाहावं म्हणून काल नवा पुडा आणला, चष्माही पुसला.

जुनं वेष्टन मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकलं होतं.

तुझा,
एक चोखंदळ ग्राहक