बाविसावं गाणं

सोसायटीच्या गणपतीत कराओकेवर दोन गाणी म्हटली, खाली वॉचमननेसुद्धा टाळ्या वाजवल्या, की काही माणसांचं मंडपात भागेनासं होतं. त्यांना बार लागतो. पिण्यासाठी नव्हे, गाण्यासाठी. यातले निम्मे तर पीतही नाहीत. आमचे साडू ताकातसुद्धा मीठ बेताने घालतात.

साडूंचं वय 47, काम अकाउंट्सचं. कॉलेजात घेतलेली गिटार पंचवीस वर्षं माळ्यावर होती. लॉकडाउनमध्ये खाली आली, ती परत वर गेलीच नाही. बाणेरला एका गच्चीवरच्या बारने त्यांना बुधवार दिला. बुधवार अशाच लोकांना देतात. आधी साडूंनीच 2 ऑक्टोबर सुचवला होता, ‘सुट्टी आहे, सगळे मोकळे असतील’ म्हणून. बारमध्ये गाणाऱ्या माणसाला ड्राय डे ठाऊक नाही, हे पाहून मॅनेजर नुसता हसला. मग म्हणाला, ‘‘सर, फार चांगलंही गाऊ नका. लोक ऐकत बसतात, ऑर्डर देत नाहीत.’’

तेवढी अडचण येणार नव्हती.

45 मिनिटांचे दोन सेट, मध्ये 15 मिनिटं सुट्टी. गाण्याला चार मिनिटं धरली तर नव्वद भागिले चार, म्हणजे 22 गाणी आणि वर दोन मिनिटं ‘थँक्यू’ म्हणायला. साडूंची यादी 63 गाण्यांची होती. ती अर्थातच एक्सेलमध्ये. गाणं, पट्टी, कापो, वेळ, शेरा. पिवळं म्हणजे बसलेलं, लाल म्हणजे न बसलेलं. पत्रक बहुतेक लालच होतं.

या जातीच्या गायकांचं कॅलेंडर ठरावीक जागी थांबलेलं असतं. ‘जो जीता वही सिकंदर’ 1992चा, लकी अलीचं ‘ओ सनम’ 1996चं आणि ‘दिल चाहता है’ 2001चा. त्यानंतर देशात संगीत झालंच नाही. एक अरिजित सिंग असतो, ‘तरुणांसाठी’. मराठी एखादं घ्यावं की नाही यावर दोन रविवार गेले. बारमध्ये भावगीत शोभेल का, या प्रश्नावर साडूंनी मला रात्री अकराला फोन केला होता. मी म्हटलं, प्यायलेल्या माणसाला भावगीतच लागतं. ते गंभीरपणे म्हणाले, ‘‘शेऱ्यात टाकतो.’’

63वरून 22वर येणं म्हणजे घरातली रद्दी काढणं. गठ्ठा बांधायचा, मग एकेक अंक परत ओढून घ्यायचा. ‘पहला नशा’ चार वेळा यादीतून गेलं आणि चार वेळा परत आलं. गळा तिथवर पोचत नव्हता. पट्टी उतरवली की मुखड्यात आवाज विहिरीत जायचा आणि चढवली की शेजारचा कुत्रा दाद द्यायचा.

‘‘अरे, जमत नाही तर सोड की,’’ मेहुणी म्हणाली. साडू म्हणाले, ‘‘लोकांना आवडतं.’’

कुठल्या लोकांना, ते मेहुणीनेच शोधून काढलं. तीही ऑडिटमधली. पत्रकात ‘डी’ रकान्यानंतर एकदम ‘एफ’ येतोय हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. तिने लपवलेला ‘ई’ उघडला. त्यात गाण्यांपुढे एकेक अक्षर होतं. अकरा गाण्यांपुढे ‘र’. ‘स’ तीन ठिकाणी. एका ठिकाणी नुसतं ‘लायब्ररी’. मेहुणीचं अक्षर एकाच गाण्यापुढे, तेही राखीव खेळाडूंत. साडूंनी सांगितलं, ‘‘र म्हणजे रिदम.’’ त्या रात्री राखीव गाणं मुख्य संघात आलं आणि ‘र’ची चार गाणी गळाली. बाकी निवडीत संगीताचा फारसा संबंध आला नाही.

बाविसावं गाणं मात्र पहिल्यापासून पक्कं होतं, ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. मूळ गाणं बी मायनरमध्ये. गिटारवर तो कॉर्ड नेहमी वाजवतात तसा वाजवायचा तर पहिलं बोट तारांवर आडवं दाबायचं, त्याला बार कॉर्ड म्हणतात. बारमध्ये गाणाऱ्या या माणसाला नेमका बार कॉर्ड येत नव्हता. मग दुसऱ्या फ्रेटवर कापोचा चिमटा लावला, ए मायनरचा आकार धरला. बी मायनर टळला, पण पुढे एफ आडवा आलाच. एफ आला की साडू डोळे घट्ट मिटायचे. बघणाऱ्याला वाटायचं, तल्लीन झाले.

बुधवारी सव्वाआठला सुरुवात झाली. 18 टेबलं, पैकी सहा आमची. आत्याबाई गजरा माळून आल्या होत्या, त्यांना ‘कार्यक्रम’ एवढंच सांगितलेलं. पहिली सहा गाणी बरी गेली. मग चार नंबरच्या टेबलावर केक आला आणि सगळे साडूंकडे बघू लागले. 63 गाण्यांत ‘हॅपी बर्थडे’ नव्हतं. तीन मात्रांचं ते गाणं साडूंनी चार मात्रांत वाजवलं, लोक एका दिशेने गेले, गिटार दुसऱ्या. तासाभरात आणखी दोन केक आले. तिसऱ्यापर्यंत मात्र चाल बसली होती. त्या रात्री खरं बसलेलं गाणं ते एकच.

या केकांनी एक्सेलचं गणित मोडलं. बाविसावं गाणं 9.54ला यायचं, ते 9.58ला आलं. उघड्या गच्चीवर रात्री दहाला स्पीकर बंद, हा 2000 सालापासूनचा नियम. आणि या गाण्यात शब्द सुरू व्हायलाच जवळजवळ मिनिट जातं. साडूंना, एफमुळे, दोन लागली. त्यांनी श्वास घेतला, माइकजवळ आले, तोंड उघडलं, आणि मॅनेजरने शांतपणे बटण दाबलं. साडूंचे डोळे मिटलेलेच होते. पहिली ओळ ऐकली ती समोरच्या वेटरने. तो म्हणाला, ‘‘सर, लास्ट ऑर्डर काही?’’

परवा नवी यादी पाहिली. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आता एक नंबरला आहे, पावणेआठला, टेबलं पुसत असतात तेव्हा. दोन नंबरला ‘हॅपी बर्थडे’, पिवळ्या रंगात. आणि ‘डी’ नंतर ‘ई’ येतो. तो रिकामा आहे. ‘एच’ नंतर मात्र एकदम ‘जे’ येतो. मी मेहुणीला अजून सांगितलेलं नाही.