कनवटीकर

युरोपच्या सहलीला निघायच्या आदल्या रात्री कनवटीकरांच्या घरी पडदे ओढून नोटांची वाटणी होते. (आडनाव काहीही असो, या जमातीला कनवटीकरच म्हणायला हवं.) शंभर युरोच्या चार नोटा बनियनला आतून शिवलेल्या चोरखिशात, तीन सौभाग्यवतींच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या डबीत, पन्नासाची एक उजव्या मोज्यात. शर्टाच्या खिशात मात्र सहज दिसेल असं पाकीट, आणि त्यात चोर अगदीच हिरमुसून जाऊ नये म्हणून वीस युरो. हा बंदोबस्त चोराला कधी कळत नाही. ल्यूसर्नच्या चॉकलेटवाल्याला कळतो. पैसे द्यायची वेळ आली की कनवटीकर त्याच्याकडे पाठ करतात, भिंतीकडे तोंड करून दोन बटणं काढतात, आणि वळतात तेव्हा त्यांच्या हातात अंगाच्या उबेने मऊ पडलेली नोट असते.

घरातली तरुण मंडळी यावर हसतात, आणि चुकतात. पैसा एका जागी ठेवू नये हे शहाणपण जुनंच आहे. काशीयात्रेला निघालेला माणूससुद्धा वाटखर्चापुरतं कनवटीला लावी आणि बाकीची सावकाराची हुंडी नेई. आजचं फॉरेक्स कार्ड हा तिचाच प्लास्टिकचा अवतार. शिवाय कनवटीकरांची नोटेवरची श्रद्धा आभाळातून पडलेली नाही. जून 1966 मध्ये एका रात्रीत डॉलर 4.76 रुपयांवरून 7.50 वर गेला, आणि खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेला गेलेल्या विद्यार्थ्यांच्या कथा ऐकतच ही पिढी वाढली. आता वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, पण एका फेरीला नोटा न्यायच्या त्या बहुतेक देशांसाठी 3,000 डॉलरच्या किमतीपर्यंतच. कनवटीकर हा रिझर्व्ह बँकेचा नियम चोरखिशांची कमाल क्षमता म्हणून वाचतात. ‘सगळं कार्डावर चालतं’ म्हणणाऱ्यांनी बँकेने संशयावरून कार्ड गोठवल्यावर आणि ओटीपी घरी राहिलेल्या सिमवर गेल्यावर काय करायचं तेही सांगावं. यूपीआय म्हणाल, तर आयफेल टॉवरच्या तिकिटाला 2024 पासून चालतं, खाली क्रेप विकणाऱ्याकडेही चालेलच असं नाही.

तेव्हा कनवटीकरांची वाटणी बरोबर, भीतीचा पत्ता तेवढा चुकलेला. मेट्रोत शेजारी उभ्या राहिलेल्या निरुपद्रवी माणसाला ते तीन स्टेशनं डोळ्यांनी जाळतात; पण विमानतळावरच्या ‘कमिशन शून्य’ अशा पाटीखाली, खरेदी आणि विक्रीच्या दरांत ढळढळीत फट दिसत असताना, हसत नोटा बदलून घेतात. खरा घाला तर कार्डयंत्रावर पडतो. ‘फ्रँकमध्ये भरणार की रुपयांत?’ असं यंत्र विचारतं आणि परमुलखात ₹ दिसल्यावर कनवटीकरांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. रुपया दाबला की दर ठरवणार दुकानाच्या बाजूची कंपनी, आणि त्यात चार-पाच टक्के सहज गेलेले असतात. काही बँका वर आपलाही आकार लावतात. फ्रँक दाबला असता तर आपल्या बँकेचे दोन-साडेतीन टक्के आणि त्यावरचा जीएसटी, एवढ्यावर भागलं असतं. ‘एवढ्या टक्क्यांसाठी कुठे डोकं शिणवायचं’ हा आक्षेप इतर कोणी घेतला तर चालेल. मेथीच्या जुडीमागे पाच रुपयांसाठी अख्खी मंडई पालथी घालणाऱ्याने घेऊ नये. अर्थात यंत्राने एवढा प्रश्न विचारण्यासाठी कार्ड तिथवर चालू असायला हवं. 2020 च्या नियमापासून नवं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंदच असतं, ते आपण उघडायचं. कनवटीकर चोरखिशाचं बटण तीनदा तपासतात, बँकेच्या ॲपमधलं हे बटण एकदाही नाही.

चॉकलेटवाला युरो घेतो, पण सुटे फ्रँकमध्ये देतो, तेही आपल्या दराने. नोटा परतीच्या वाटेवर बदलून मिळतात. नाणी कोणी घेत नाही. म्हणून मग दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात, चांदीच्या रुपयाशेजारी पाच फ्रँकचं जाडजूड नाणं येऊन बसतं आणि त्यावरच्या आल्प्समधल्या गुराख्याला दरवर्षी हळदकुंकू लागतं.