जवळजवळ तयार

आप्पांची गाडी रेससाठी जवळजवळ तयार आहे. माझी त्यांची ओळख झाली तेव्हाही ती जवळजवळ तयारच होती. मधल्या काळात त्यांच्या मुलीचं लग्न झालं, नातू चालायला लागला, गल्लीतला रस्ता दोनदा झाला आणि दोनदा उकरला. गाडी जागची हललेली नाही.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या आसपास असे आप्पा बरेच सापडतील, सांगली-पुण्यातही असतात. वय पन्नाशीच्या पुढं, नखांत कायमचं काळं, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी फीलर गेज. ऐंशीच्या दशकात कधीतरी एक गाडी यांच्या शेजारून गेलेली असते आणि तो आवाज कानातून अजून बाहेर पडलेला नसतो. कुणाची ती आरएक्स 100 असते. आप्पांची राजदूत 350, म्हणजे आरडी. एस्कॉर्ट्सनं ती 1983 साली आणली. दोन सिलिंडर, 347 सीसी, सहा गिअर. आणि रस्त्यावर तेव्हा कोण, तर स्कूटर तिरकी करून मग किक मारणारी जनता! गाडी महाग, पेट्रोलला हावरट, शिवाय जपानी आरडीला पुढं डिस्क ब्रेक आणि आपल्या नशिबी ड्रम. दशक सरता सरता ती बंद झाली. म्हणजे गाडी मिळत होती तेव्हा आप्पांच्या खिशात पैसे नव्हते, आणि पैसे आले तेव्हा गाडी मिळेना. शेवटी मिरजेजवळच्या एका गोठ्यात, कडब्याखाली, ती सापडली.

आरडीवाल्यांत दोन पोटजाती आहेत. पहिल्या गाड्या हाय टॉर्क, 30.5 हॉर्सपॉवरच्या, मागाहून मायलेजच्या नादात लो टॉर्क आली, 27 ची. (मूळ जपानी गाडी 39 ची, पण हे आप्पांसमोर काढू नये, जेवत नाहीत.) हाय टॉर्कवाले लो टॉर्कवाल्यांशी बोलतात, हसतात, पण सोयरीक करणार नाहीत. आप्पांची गाडी लो टॉर्क निघाली. त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या खटपटीचं मूळ या साडेतीन हॉर्सपॉवरमध्ये आहे, असं माझं मत आहे.

रेसची गाडी करायची म्हणजे आधी काढत सुटायचं. हेडलाइट काढला, इंडिकेटर काढले, मडगार्ड, हॉर्न, आरसे, मागची सीट, सगळं गेलं. काढलेली प्रत्येक वस्तू आप्पांनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवली आणि वजन वहीत लिहिलं. एकदा बोल्टांची डोकी पोखरून त्यांनी तीस ग्रॅम वाचवले आणि त्या आनंदात आम्ही फडतऱ्यांकडं मिसळ खायला गेलो. आप्पांचं स्वतःचं वजन 92 किलो आहे. ते वहीत नाही.

या काढाकाढीत स्टँडही गेला, आणि माझ्या आयुष्याला वळण लागलं. बिनस्टँडची गाडी एक तर भिंतीला टेकवावी लागते, नाही तर माणसाला. भिंतीला टेकवली तर टाकीचा रंग जातो. मी बँकेतून साडेसहाला येतो, कपडे बदलतो आणि आरडी धरून उभा राहतो. मला इंजिनातलं काही कळत नाही, हीच माझी पात्रता. कळणारा माणूस धरता धरता सल्ला देतो, आणि मग गाडी पडते.

अशा उभ्या उभ्या मी पुष्कळ शिकलो. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसला कुठंही हवेची गळती चालत नाही. डाव्या बाजूचं ऑइल सील गेलं की इंजिन तिथून चोरून हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. हे तपासायला आप्पांनी कार्ब्युरेटरची आणि सायलेन्सरची तोंडं रबरानं बंद केली आणि ओळखीच्या डॉक्टरांकडून बीपीचं यंत्र आणलं. फुगा दाबत काटा 250 वर नेला, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी सोडलं आणि घड्याळ लावून आम्ही बसलो. म्हणजे ते बसले. काटा जागचा हलला नाही. 250 बीपी असून ठणठणीत असलेली कोल्हापुरातली ही एकमेव व्यक्ती. त्याच रात्री वहिनींनी आप्पांचंही बीपी बघून घेतलं. तो आकडा मात्र सांगितला नाही.

मग पोर्टचं काम. सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टची वरची कड अर्धा मिलिमीटर वर घेतली की ताकद वाढते, पण वरच्या आरपीएमला. खाली गाडी मरते. आणि एकदा ग्राइंडर लागला की लागला, गेलेला धातू परत चिकटत नाही. आप्पांनी मार्करनं रेघ मारली आणि सिलिंडर देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवला. रोज अंघोळीनंतर ते ती रेघ बघत. एक अख्खा पावसाळा रेघ बघण्यात गेला. गाडीला उशीर का होतो, असं विचारणाऱ्यांना या कामाची कल्पना नसते.

सायलेन्सरची गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की मी ती झोपेत म्हणेन. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीत वाल्टर काडेन नावाचा इंजिनिअर होता. सायलेन्सर आधी पसरत आणि मग आवळत नेला, तर धुराबरोबर बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण दाबाची लाट परत सिलिंडरात लोटते. ते त्यानं नेमकं जमवून आणलं. 1961 च्या सप्टेंबरात त्याचा रायडर एर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीतून पळाला. त्याच सुमारास त्याची बायको-मुलं मोटारीच्या डिकीत लपून सीमेपार आली. डेगनर सुझुकीकडं गेला आणि 1962 साली 50 सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीला मिळालं. ‘तवापास्नं सगळ्या जपानला कळलं बघ,’ असं म्हणून आप्पा पत्रेवाल्याकडून ठोकून आणलेल्या शंकूवर हात फिरवतात. यावर वहिनींचं म्हणणं एवढंच, ‘त्यानं बायकोला डिकीत तरी घेतलं. आमच्या मोटारीत डिकीतबी सायलेन्सरच.’

एकदा मात्र गाडी खरोखर पळाली. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला 3.7 किलोमीटरचा ट्रॅक आहे. तिथं एका ट्रॅक डेला आप्पांनी नाव घातलं. कुठल्या गटात, काय नियम, हे त्यांनी मलाच वाचायला लावलं. ऑइलच्या ड्रेन बोल्टला भोक पाडून तार पिळलेली हवी, का तर बोल्ट सुटून ऑइल ट्रॅकवर सांडलं की मागचे सगळे आडवे होतात. त्या एका भोकापायी तीन ड्रिल बिटं मोडली. गाडी छोट्या हत्तीत घातली. बेळगाव, हुबळी, बंगळूर करत निघालो. दोऱ्या बांधलेल्या होत्या, तरी आप्पांचा विश्वास माझ्यावरच. मी मागं.

टू-स्ट्रोकच्या रेसवाल्याची दोन बोटं कायम क्लचवर असतात. पिस्टनानं धरलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत क्लच दाबावा लागतो, नाही तर मागचं चाक जाम होऊन माणूस फेकला जातो. आप्पांची ती दोन बोटं चहाचा कप धरतानाही वाकडीच असतात. पहिला राउंड त्यांनी देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा शांतपणे घातला. दुसऱ्यात गाडी सहा हजारांच्या वर गेली, आवाज बदलला, आणि मी जे कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं: आप्पा वाकले. पोट टाकीवर, हनुवटी मीटरवर. सरळ पट्ट्यावर एका पोरसवदा गड्याची नवी कोरी गाडी त्यांनी मागं टाकली. तिसऱ्या राउंडला डाव्या सिलिंडरनं धरलं. बोटांनी काम केलं, गाडी घरंगळत कडेला आली.

मी पळत जाऊन आधी गाडी धरली. आप्पांनी हेल्मेट काढायच्या आधी प्लग काढला. उजवा मारी बिस्किटाच्या रंगाचा, डावा पांढराफट्ट. हे बघून त्यांना वाईट वाटलं असेल म्हणून मी गप्प होतो, पण माणूस खुशीत! कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. तिथल्या विरळ हवेत जुळवलेला जेट समुद्राकाठच्या दाट हवेला पुरला नाही. ‘गाडीचा काय दोष न्हाई. हवाच जड हाय हितली.’ मग त्या मागं पडलेल्या पोराला बोलावून त्यांनी अर्धा तास ती जड हवा समजावून सांगितली. पोरानं विचारलं, ‘अंकल, मायलेज किती देते?’ आप्पा उठून पाणी प्यायला गेले.

परत आल्यावर इंजिन पुन्हा टेबलावर. पिस्टन ओव्हरसाइज, सिलिंडर बोअरला, मार्करची नवी रेघ. दिवाळीला जावयांनी पुण्याहून रेसवाले वापरतात तसा लोखंडी पॅडॉक स्टँड आणला. मागचं चाक उचलून गाडी त्यावर ठेवली. कुणीही न धरता ती उभी राहिली. मला सुचेना हात कुठं ठेवावेत. आप्पांनी लांबून, जवळून, वाकून पाहिलं आणि जावयांना म्हणाले, ‘लई ब्येस काम झालं.’ मग माझ्याकडं वळले. ‘हात मोकळं झालं न्हवं तुझं? मग ही बॅटरी धर. आन् दुसऱ्या हातात बीपीचा फुगा.’