गिऱ्हाईकाला जागा दाखवणारे

हॉटेलच्या धंद्यात हल्ली एक घातक मत पसरलं आहे. गिऱ्हाईकाशी गोड बोलावं, तक्रार ऐकून घ्यावी, आपलं चुकलं असेल तर माफी मागावी, असं हे मत. ते पसरवणाऱ्यांच्या हाती आकडेही आहेत. हार्वर्डमध्ये असताना मायकेल लुका यांनी सिअॅटलमधल्या हॉटेलांचा अभ्यास केला. येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला, तर साखळीत नसलेल्या हॉटेलाचं उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. असेल. पण ५ ते ९ टक्क्यांसाठी गल्ल्यावर बसलेल्या माणसाने मान खाली घालायची? या हिशेबात मालकाचा मान कुठल्या रकान्यात मांडला आहे, ते कोणी सांगत नाही.

सुदैवाने मान ताठ ठेवणारी हॉटेलं अजून टिकून आहेत. अशाच एका ठिकाणी मी श्रद्धेने जेवतो. बसल्याबरोबर पोऱ्या येतो आणि ओल्या फडक्याने टेबलावरचा आधीच्या माणसाचा रस्सा आपल्या मांडीच्या दिशेने सारतो. चार बोटं चार ग्लासांत बुडवून पाणी आणतो. काय काय आहे, असं विचारलं तर भिंतीवरच्या फळ्याकडे हनुवटी उडवतो. फळ्यावरचा जो पदार्थ मागाल, तो संपलेला असतो. परवा मिसळ कोमट होती. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी ती गरम करून मागितली. ‘गर्दीच्या वेळी जमणार नाही,’ मालक नोटा मोजता मोजता म्हणाले. हॉटेलात तेव्हा ते गृहस्थ आणि मी, असे दोघंच होतो. नियम तो नियम. माणसं मोजून नियम बदलणारा मालक उद्या चवही बदलेल.

या मालकांचं खरं तेज मात्र रात्री दिसतं, शटर ओढून ते मोबाईल हातात घेतात तेव्हा. एका बाईंनी लिहिलं होतं, थाळी यायला पाऊण तास लागला, वरण गार होतं. दोन तारे. दुसरा एखादा ‘क्षमस्व, पुन्हा संधी द्या’ लिहून मोकळा झाला असता. आमच्या मालकांनी त्या बाईंना उत्तर द्यायला मध्यरात्र उलटेपर्यंत जागरण केलं. तुम्ही तिघांत एक थाळी घेतली, लिंबू दोनदा मागितलं, मुलाने पाणी सांडलं, बडीशेप मूठभर नेली, तुमच्यासारख्यांची आम्हाला गरज नाही. केवढी ही स्मरणशक्ती! बाईंची तक्रार जेमतेम दहा-वीस जणांनी वाचली असेल. मालकांचं उत्तर सकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोहोचलं होतं, तेही एक पैसा जाहिरातीला न घालता. नंतरचे काही दिवस हॉटेलात कमालीची शांतता होती आणि मालकांना बऱ्याच वर्षांनी दुपारची झोप मिळाली.

या मार्गावरचं मोठं नाव म्हणजे अमेरिकेत अॅरिझोनामधल्या स्कॉट्सडेलची अॅमीज बेकिंग कंपनी. गॉर्डन रॅमसी यांच्या ‘किचन नाइटमेअर्स’ या टीव्ही कार्यक्रमातला त्यांचा भाग मे २०१३मध्ये दाखवला गेला. बुडती हॉटेलं सावरणं हेच ज्यांचं काम, ते रॅमसी इथून हात टेकून निघून गेले. त्यानंतर हॉटेलच्या फेसबुक पानावरून टीकाकारांना एकामागून एक खरमरीत उत्तरं गेली. पुढे मालकांनी सांगितलं, आमचं खातं हॅक झालं होतं. एवढं एकच वाक्य मला खटकतं. लिहिलेल्या शब्दावर ठाम राहायला हवं होतं. २०१५ साली हॉटेल बंद झालं, पण सल्ला काही घेतला नाही.

तारे कमी पडले तर घरची माणसं आहेतच. भाचा, मेहुणा, मेहुण्याचा पार्टनर, सगळ्यांनी एकाच संध्याकाळी ‘उत्तम जेवण, उत्तम वातावरण’ लिहिलं की काम झालं. लंडनमध्ये तर २०१७ साली ऊबा बटलर यांनी आपल्या बागेतली शेड हॉटेल म्हणून ट्रिपअॅडव्हायझरवर नोंदवली आणि खोट्या अभिप्रायांच्या बळावर ती शहरात पहिल्या क्रमांकावर नेली. फोटोतले पदार्थ शेव्हिंग फोमसारख्या वस्तूंचे होते. स्वयंपाकी नाही, वेटर नाही, म्हणजे गार वरणाची तक्रारही नाही. धंद्याचं याहून शुद्ध रूप कुठलं?

सरकारला हे बघवत नाही. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. ते पाळणं ऐच्छिक ठेवलं, हा त्यातल्या त्यात दिलासा. त्याआधी जुलैमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिलात आपोआप सेवाशुल्क लावायला मनाई केली आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तीच बाजू उचलून धरली. सेवा न करता सेवाशुल्क घेण्याची विद्या पिढ्यान् पिढ्यांनी कमावलेली आहे. ती अशी एका निकालाने पुसली जावी, याचं मला मनापासून दुःख होतं.

म्हणून मालक मंडळींना हात जोडून विनंती आहे. आज रात्री गल्ला मोजून झाला, आणि तो आता लवकर मोजून होतो, की मोबाईल उघडा. एक तारा देणाऱ्याला उत्तर लिहा, त्याच्या बायकोमुलांचाही समाचार घ्या, आणि लिहून झाल्यावर पुन्हा वाचत बसू नका. लगेच पाठवा.